काळोख्यांचं कपाट

५ फेब्रुवारी

शेवट आधी कळला तर पुस्तकात उरतं काय? आज मला हे एका सभासदाने विचारलं आणि उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही. साहित्य घेऊन पदवी मिळवली, घरातली पहिली पदवीधर म्हणून आईने शेजारीपाजारी पेढे वाटल्यासारखी ही बातमी वाटली, आणि नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मी काउंटरमागे तोंड उघडं टाकून उभी.

झालं असं. एक निवृत्त तिकीट तपासनीस आहेत, रोज पेपर वाचायला येतात. त्यांनी काल नेलेली कादंबरी आज परत आणली आणि पहिलं पान माझ्यासमोर धरलं. कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘मुलीला काही होत नाही. घाबरू नकोस.’

“आता सांगा,” ते म्हणाले, “मुलीला काही होत नाही हे कळल्यावर मी तीनशे पानं जागायचं कशासाठी?”

मी पुस्तक ग्रंथपाल सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “हे जुनं दुखणं आहे. फक्त शेवटच्या कपाटात होतं. काळोख्यांच्या.”

शेवटचं कपाट म्हणजे खिडकीपासून सगळ्यांत लांबचं, ज्याच्यावरची ट्यूब कधी लागते, कधी नुसतीच गुणगुणते. तिथे हल्लीच्या गुन्हेगारी कादंबऱ्या आहेत. सर त्यांना ‘नॉयर’ म्हणतात, सभासद ‘काळोख्या’ म्हणतात. मी अजून एकही वाचलेली नाही. खरं सांगायचं तर या कपाटाची मला जरा लाजच वाटते. वाचनालय म्हणजे माणसाला वर नेणारी जागा, असं मी मुलाखतीत सांगितलं होतं.

९ फेब्रुवारी

तीन दिवस खोडरबर घेऊन बसले. काळोख्यांचं अख्खं कपाट पुसून काढलं. काय काय लिहिलेलं होतं! ‘कुत्रा मरत नाही.’ ‘नवरा वाईट आहे, पण शेवटी बरा निघतो.’ ‘इन्स्पेक्टरवर विश्वास ठेवू नकोस, मेला.’ आणि पुष्कळ ठिकाणी, ‘इथून अमुक पानापर्यंत सोड.’ एकाच हाताचं अक्षर, उजवीकडे झुकलेलं, शब्दांवरच्या रेघा घाईत अर्ध्याच ओढलेल्या.

मजा अशी, की खुनी कोण हे एकदाही लिहिलेलं नाही.

भिंतीवर सूचना लावली. ‘पुस्तकात लिहिणे हा गुन्हा आहे.’ सर म्हणाले, “गुन्हा जरा जास्त होतंय.” मी म्हटलं, त्या कपाटाच्या वाचकांना हीच भाषा कळेल. सर हसले आणि चहा मागवला. मला वाटतं, त्यांना माझं काम आवडलं.

संध्याकाळी आत्याबाई आणि काकू आल्या. या दोघी काळोख्यांच्या सगळ्यांत जुन्या वाचक. नणंद-भावजय. कोपऱ्यावरच्या शिवणाच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहतात. दुकान आत्याबाईंचं होतं, आता त्यांनी चालवायला दिलं आहे, पण कानामागे पेन्सिल खोचायची सवय गेलेली नाही. गल्लीतली सगळीच त्यांना आत्याबाई म्हणतात, म्हणून मीही म्हणते. काकू कमी बोलतात. पुस्तक घेण्याआधी पहिलं पान उघडून बघतात, मान हलवतात, मग पुढे करतात. अक्षर किती बारीक आहे ते बघत असाव्यात.

आज काकूंनी पहिलं पान उघडलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग आत्याबाईंकडे पाहिलं.

“घे ग, बरं आहे ते,” आत्याबाई म्हणाल्या. “बिनघोर वाच.”

मी आत्याबाईंना सूचना दाखवली आणि सगळा प्रकार सांगितला. म्हटलं, अशा माणसाला पकडलंच पाहिजे.

“खुनी कोण ते लिहितो का तो?” त्यांनी विचारलं.

“नाही. तेवढं नाही लिहीत.”

“मग सभ्य आहे बिचारा.” आणि सूचनेकडे बघून, “शिक्षा काय आहे ग या गुन्ह्याला? फाशी?”

त्या स्वभावाने खवचट आहेत. पण मला आवडल्या.

१६ फेब्रुवारी

ज्या कपाटाची किल्ली आपल्याकडे आहे त्यातलं काही वाचलेलंच नसणं बरं नाही, म्हणून सुरुवात केली. पहिली, बंदरावरच्या गोदामात कॅमेऱ्याचे पडदे बघत बसणाऱ्या पहारेकऱ्याची. खून कोणी केला हे सुरुवातीलाच कळतं. त्याच्या बायकोच्या भावाने. पडद्यावर दिसलेलं असतं. पुढचं सगळं पुस्तक म्हणजे तो माणूस ते चित्रण पुसेल की नाही.

मी समजत होते की अशा पुस्तकांत पिस्तुलं आणि पाठलाग असतात. इथे पहारेकरी डबा उघडतो, बायकोच्या हातची भाजी खातो आणि त्याला घास गिळवत नाही. दोन पानं नुसता डबा. मी पुस्तक मिटून आईकडे बघत बसले. ती पोळ्या लाटत होती.

“काय ग, बरं नाही का?”

“पुस्तक वाचतेय.”

“मग अशी काय बघतेस, मी खून केल्यासारखी.” तिला मुखपृष्ठावरचा लाल डाग आवडलेला नाही. ताटाशेजारी ते पुस्तक ठेवायचं नाही अशी ताकीद आहे.

बाबा गॅरेजमधून आले, हात धुताधुता विचारलं, “सापडला का खुनी?”

“सापडलाच आहे. प्रश्न तो नाही.”

“मग पोलीस काय करतायत?”

“त्यांना कोणी सांगितलेलं नाही.”

“सांग की मग,” बाबा म्हणाले, आणि जेवायला बसले. रोज विचारतात. त्यांच्या मते ज्या गोष्टीत गुन्हेगार आत जात नाही ती अर्धवट दुरुस्त केलेली गाडी.

२३ फेब्रुवारी

मी हरले. या पुस्तकांनी मला खिशात घातलं आहे. एक धोबीखान्यातल्या बाईची वाचली, जिला चादरींवरच्या डागांवरून हॉटेलातली सगळी पापं कळतात. एक कर्जवसुली करणाऱ्या पोराची, जो फोनवर धमक्या देतो आणि स्वतःच्या आईचा फोन आला की आवाज बदलतो. वाईट माणूस आणि मी यांच्यामध्ये एखाद्या महागात पडलेल्या दुपारएवढंच अंतर आहे, असं वाटायला लागतं. मुलाखतीत मी ‘वर नेणारी’ म्हटलं होतं. ही पुस्तकं खाली नेतात आणि तिथे कोण राहतं ते दाखवतात. मला दोन्ही हवं आहे असं दिसतं.

आता मी सभासदांना सुचवायलाही लागले आहे. ज्याला चोर-पोलीस हवं त्याला धोबीखाना द्यायचा नाही, तो कंटाळतो. तिकीट तपासनिसांना पहारेकऱ्याची दिली. परत करताना म्हणाले, “शेवट पहिल्या पानावर सांगून टाकलाय लेखकाने, तरी मी संपवली. आता हे कसं झालं?” मला फार आनंद झाला.

आत्याबाईंशी तर रोज खडाजंगी होते. त्यांचं म्हणणं, चांगल्या काळोखीत कोणी भाषण करत नाही. “ज्या पुस्तकात खुनी दोन पानं समजावून सांगतो ना, ते बाजूला ठेव. खऱ्या माणसाला आपण असं का केलं ते कधी सांगता येतं होय?”

मी विचारलं, तुम्हाला पेन्सिलवाला कोण असेल असं वाटतं?

“घरातलंच कोणीतरी असणार,” त्या म्हणाल्या. “या पुस्तकांत नेहमी घरातलंच असतं.”

म्हणजे कर्मचाऱ्यांपैकी? आम्ही दोघंच तर आहोत. सरांचं अक्षर तपासून पाहिलं. ते सरळ आहे.

३ मार्च

आत्याबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. काही आठवडे वाचायचं नाही, मग दुसरा डोळा. आज काकू पहिल्यांदा एकट्या आल्या. दारातच थबकल्या, दुसऱ्याच्या घरात आल्यासारख्या.

“ती म्हणते, थांब, मी बरी झाल्यावर आणू पुस्तक. पण घरात बसून करू काय? ती झोपलेली, मी भिंतीकडे बघतेय.” मग जरा थांबून, “तू सांग एखादं. ती सांगते तुझी नजर चांगली आहे.”

मला काय वाटलं म्हणून सांगू. आत्याबाईंनी माझ्या पाठीमागे माझं कौतुक केलं होतं. मी सगळं कपाट डोळ्यांपुढून फिरवलं आणि माझ्याकडचं सर्वांत चांगलं काढलं. कालव्याकाठच्या गावातली ती कादंबरी. पाटाचं दार उघडझाप करणारा कामगार, त्याने एका दिवशी पाणी चुकीच्या वेळी सोडलेलं. भाषा इतकी साधी, की वाक्य संपल्यावर अंगावर येतं.

काकूंनी पहिलं पान उघडलं. बघितलं. पान उलटून मागची बाजूही बघितली.

“अक्षर मोठं आहे,” मी म्हटलं. “आणि काकू, मधलं प्रकरण सुटू देऊ नका. मुलगा पाटावर जातो तिथून. त्यासारखं मी कुठेच वाचलेलं नाही. खाली ठेवताच येत नाही.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. पुस्तक पिशवीत घातलं आणि गेल्या.

एवढं बारकाईने पुस्तक सुचवल्याचं समाधान पहिल्यांदाच मिळालं.

११ मार्च

काकू आलेल्या नाहीत. संपवली असेल तर बदलायला यायला हवं होतं. बहुतेक आवडली नसावी.

१४ मार्च

आज आत्याबाई आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, भिंतीला हात लावत जिना चढून. मी धावत खुर्ची दिली. बसल्या नाहीत.

“कालव्याचं पुस्तक तू दिलंस तिला?”

“हो. खूप चांगलं आहे ते.”

“माहीत आहे चांगलं आहे. मी वाचलंय. पहिल्या पानावर लिहिलं होतं मी, ‘पाटाकडे निघाला की सोड, पुढच्या प्रकरणापासून घे.’ तेही पुसलंस तू?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ते मीच पुसलं होतं. तिथे पेन्सिल दाबून लिहिलेली होती, म्हणून खोडरबर जोरात चालवावा लागला होता.

“तिचा मुलगा पाण्यात गेला,” आत्याबाई म्हणाल्या. “पहिलीत होता. खूप वर्षं झाली. पहिल्यांदा मी वाचते, खड्डे बघते, मग ती वाचते. इतकी वर्षं असंच चाललंय. तिला एकही पान चुकून लागू दिलं नाही मी. आणि तू तिला तेच पान बोट दाखवून दिलंस.”

मी माफी मागितली. कशी मागितली ते आठवत नाही.

“जेवणावर लक्ष नाही तिचं. पुस्तक मांडीवर घेऊन बसते. मी विचारलं की म्हणते, काही नाही. मी सभासद कार्डच लपवून ठेवलंय. आता नको पुस्तकं.” जाताना दारातून वळल्या. “तुझ्यावर रागावले नाही ग. तुला कोणी सांगितलं होतं? सांगायला हवं होतं मी. पण ते तोंडाने सांगायचं म्हणजे...” आणि थांबल्या. चष्म्याखालून रुमालाने काहीतरी टिपलं. मी म्हटलं, डोळ्याला हात लावू नका. म्हणाल्या, “हात नाही लावत, रुमाल लावतेय.”

मी त्यांना घरापर्यंत सोडलं. वर मात्र गेले नाही. हिंमत झाली नाही.

१५ मार्च

दिवसभर सूचनेकडे पाठ करून बसले. मला वाटायचं, मी पुस्तकं स्वच्छ करते आहे. कोणासाठी स्वच्छ? तिकीट तपासनिसांना एक शेवट आधी कळला, म्हणून त्यांचं एक पुस्तक बिघडलं. काकूंचं काय बिघडलं ते मला मोजताही येत नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, “जाऊन ये. माफी दारातून मागायची नसते.”

काकूंची वाचनातली एकच सोबत होती, तीही मी काढून घेतली. त्या पुन्हा आल्या नाहीत तर ते माझ्यामुळे, हे स्पष्ट लिहून ठेवते.

१७ मार्च

गेले. सकाळी, वाचनालय उघडायच्या आधी.

दोन खोल्या. पुढच्या खोलीत अजून एक शिवणयंत्र आहे, त्यावर औषधांच्या बाटल्या. आत्याबाई पलंगावर उताण्या, डोळ्यांत थेंब घातलेले, डोळे मिटून. काकू खुर्चीवर बसून भाजी निवडत होत्या. बारीक वाटल्या, पण मोडलेल्या नाही वाटल्या.

“कोण ग?” आत्याबाई.

“वाचनालयातली.”

“पुस्तक घेऊन आली असेल तर परत पाठव.”

“रिकाम्या हाताने आलीय. तू डोळे उघडू नकोस.”

“उघडलेत कुठे? तुझ्या आवाजावरून कळतं, तू हसतेयस.”

“मी? तुझे थेंब कानात गेलेत.”

मी तिथे बसून माफी मागायला सुरुवात केली, तर काकूंनी ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी पलंगाकडे दाखवलं. चहा पाजला. हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग मला सोडायला म्हणून जिन्यात आल्या आणि दार ओढून घेतलं.

“वाचलं मी,” त्या हळू म्हणाल्या. “दोनदा.”

मी रडायच्या बेतात होते.

“तू कशाला रडतेस? रडायला मनाई तिला आहे. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, जखम भरेपर्यंत डोळ्यांत पाणी नको. तिच्यासमोर त्या पानाचा विषय निघाला की संपलं. म्हणून गप्प बसतेय. तिला वाटतं मी मोडले. वाटू दे थोडे दिवस.”

मी विचारलं, तुम्हाला त्रास नाही झाला?

“झाला. होणारच. पण ते लिहिणाऱ्याला माहीत आहे ग. मूल पाटाकडे जाताना चप्पल हातात घेतं, भिजू नये म्हणून. असं आपल्या मनाने कोणी लिहू शकत नाही.” त्या कठड्याला टेकल्या. “लोक म्हणायचे, ताई, गोड काहीतरी वाचा. गोड पुस्तकांत मुलं आपोआप मोठी होतात. एका पानावर शाळेत जातात, दुसऱ्या पानावर त्यांची लग्नं. मला ते सोसत नाही. या पुस्तकांत निदान माझी समजूत घालायला कोणी येत नाही.”

“मग आत्याबाई ‘सोड’ लिहायच्या ती पानं तुम्ही...”

“सगळी वाचलीत. पहिल्यापासून. ती ‘सोड’ लिहायची, मला कळायचं कुठे आहे ते. मग ती दुकानात गेली की दुपारी उजेडात बसून वाचायची. अवचित अंगावर आलं तर सोसत नाही. माहीत असलं की सोसतं.” खालच्या दुकानातून यंत्राचा आवाज येत होता. “तिला कधी सांगितलं नाही. ती ते माझ्यासाठी करते असं तिला वाटतं. त्या दिवशी पोराचा हात तिच्या हातात होता, माझ्या नाही. ती पानं कोणी सोडायची होती ते मला ठाऊक आहे.”

हे शेवटचं मला नीट कळलं नाही. आत्याबाई तर सगळं वहिनीसाठीच करत होत्या. पण विचारायचं धाडस झालं नाही.

“मी काय करू?” मी विचारलं.

“सोडा, धरा, असं मला सांगू नकोस. ते मी बघेन. फक्त कुठे आहे ते सांग. तिचा दुसरा डोळा व्हायचाय, तोवर तिला वाचता येणार नाही.” मग पदराखालून सभासद कार्ड काढून दाखवलं. “मसाल्याच्या डब्यामागे ठेवलं होतं. आयुष्यभर खुनाची पुस्तकं वाचून लपवायची जागा ही.”

२१ मार्च

सकाळी सरांना सांगितलं, मी वाचनालयाच्या एका पुस्तकात पेन्सिलीने लिहिलं आहे आणि पुढेही लिहिणार आहे. नोकरी जाणार असेल तर आत्ताच सांगा.

“भिंतीवर तुमची सूचना आहे ना?”

“काढली.”

सरांनी चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला. “तिकीट तपासनिसांना काय सांगणार?”

“त्यांना न लिहिलेली प्रत सुचवेन. नाहीतर लिहिलेलीच देईन आणि शेवट माहीत असूनही संपवतात का बघेन.”

“बारीक अक्षरात लिहा,” सर म्हणाले आणि पेपर उघडला.

दुपारनंतर दोघी आल्या. आत्याबाई काळ्या चष्म्यात, काकूंचा दंड धरून. आत्याबाईंचा चेहरा फुगलेला होता. “कार्ड सापडलं म्हणे हिला. मी म्हटलं, एकच पुस्तक, आणि सांभाळून दे. ऐकतेयस ना?”

“ऐकतेय, आत्याबाई.”

मी काउंटरखालून पुस्तक काढलं. घाटातल्या टोलनाक्यावर बसणाऱ्या बाईची कादंबरी. मी गेले तीन दिवस ती वाचत होते, प्रत्येक पानावर आधी काकूंच्या डोळ्यांनी आणि मग माझ्या. बाबांनी विचारलं, “सापडला का?” मी म्हटलं, “खुनी नाही, दुसरंच काहीतरी शोधतेय.” यावर त्यांनी पहिल्यांदाच पुढे काही विचारलं नाही.

काकूंनी पहिलं पान उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग मान हलवली आणि पुस्तक शिक्क्यासाठी पुढे केलं.

“काय लिहिलंय का ग त्यात कोणी?” आत्याबाईंनी विचारलं.

“काही नाही,” काकू म्हणाल्या. “वाचनालयाचा शिक्का आहे.”

त्या खाली उतरल्यावर मी खिडकीत गेले. फुटपाथवर आत्याबाई काहीतरी बोलत होत्या, काकू पिशवी छातीशी धरून ऐकत होत्या आणि नणंदेला खड्ड्याच्या कडेने नेत होत्या.

पहिल्या पानाच्या कोपऱ्यात मी सकाळीच लिहून ठेवलं होतं:

‘पान एकशेबारा ते एकशेवीस. लहान मुलगा आहे. पाणी नाही, रस्ता आहे. दुपारी वाचा. मी सहापर्यंत इथेच असते.’